वायसर कुठल्या अंगाला

अंबडच्या शेडमध्ये आम्ही पाच-सहा बायका पाण्याच्या मोटारींचे पॅनेल जोडतो. पॅनेल म्हणजे पत्र्याचं छोटं कपाट. आत स्विच आणि वायरी, आणि बाहेरून वायरी घेऊन येणारे मऊ, वाकणारे पाइप. पाइप पत्र्यातून जिथे आत शिरतो तिथे ग्लँड, म्हणजे पाइप घट्ट धरणारं तोंड, बसवायचा, म्हणजे पाणी आत जात नाही.

आठवीत शाळा सुटली, लग्न झालं आणि यवतमाळकडून मी इतक्या लांब आले. शेडमध्ये वर्षभर खोकीच बांधली. मग वहिनींनी, म्हणजे शेठच्या पत्नींनी, मला टेबलावर, म्हणजे जोडणीच्या कामाला, घ्यायचं काढलं. शेठ नको म्हणत होते. "होईल तिच्याकडून, मी सांगते ना," वहिनी म्हणाल्या. "बघू. हे पॅनेल नीट गेलं तर टेबलावर, नाहीतर खोकी आहेतच," शेठ माझ्यासमोरच बोलले.

पॅनेल दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदारांचं होतं, उघड्यावर राहणारं. ग्लँडच्या डब्यापुढे मी बराच वेळ उभी होते. काही ग्लँड जाड भिंतीला आटे पाडून त्यात फिरवतात. आमचा पत्रा एवढा पातळ की त्यात आटा धरणार कुठे? मागून नट लावून आवळायचा ग्लँड हवा, एवढं मला कळलं. पाइपाचा तुकडा एकेकाच्या तोंडात घालून पाहिला. एक सैल, एक घट्ट, तिसरा नेमका बसला. मनातून बरं वाटलं. मग रबरी वायसर पत्र्याच्या आतल्या अंगाला, नटाखाली घातले आणि आवळून टाकले.

वायसर कुठून घालायचा हे विचारावंसं वाटलं होतं. पण मी 'का' ऐवजी आमच्याकडचं 'काहून' म्हटलं तरी शेजारच्या बाईला हसू येतं. एवढंही येत नाही म्हणतील, म्हणून गप्प बसले.

बागायतदार न्यायला आले तेव्हा वहिनींनी पॅनेलमध्ये वर्तमानपत्र अंथरलं, दार लावलं आणि बाहेरून नळीने पाणी मारलं. दार उघडलं तर ग्लँडखालचा कागद भिजून पत्र्याला चिकटलेला.

"कोणी बसवलं हे?" शेठनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"मी," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघायचं सोडून वहिनींकडे बघत राहिले. "सांगत होतो की नाही?" वहिनींनी भिजलेला कागद काढून घेतला. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

बागायतदारांनी वाकून आत पाहिलं. "वायसर आतून घातलाय ओ. ताई, तुमच्याकडं पाण्याची लय टंचाई हाय का?"

टंचाईचा इथे काय संबंध, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं.

"नाय, टंचाईत पाणी पिंपात भरून ठेवत्यात, तसल्या पिंपाला तोटी बसवायची सवय दिसती तुम्हाला. पिंपात पाणी आत, म्हणून रबर आतून. इथं पाणी बाहेर हाय."

शेजारची फिस्कन हसली. खरंच, माहेरच्या अंगणातल्या पिंपाच्या तोट्या मीच बसवायचे. पिंपाच्या तोंडातून आत जाईल असा बारीक हात घरात माझाच होता. पण इथे, सगळ्यांसमोर, कोणी माहेरचं ते रिकामं पिंप उघडून दाखवावं तसं झालं. त्या भल्या माणसाच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तरी कानशिलं तापली.

"पाना घे," वहिनी म्हणाल्या. "सगळे काढ, परत बसव. दादा चहा घेतील तोवर."

"मी करू?"

"मग कोण करणार?"

एक नट हातातून सुटून पॅनेलच्या तळाशी पडला, त्याचा आवाज शेडभर झाला. वायसर बाहेरून, पत्र्याला चिकटून, नट आतून. पुन्हा कोरडा कागद, पुन्हा पाणी.

"उघड तूच," वहिनी म्हणाल्या.

मी उघडलं. कागद कोरडा होता.

"झालं की काम," बागायतदार म्हणाले. शेठनी कागद दोन बोटांनी उचलून पाहिला. "पुढचं पण हिलाच द्या," ते वहिनींना म्हणाले, "पण तुम्ही तपासून."

मला टेबल मिळालं, पण मान वर होईना. माझ्यासाठी शब्द टाकणाऱ्या बाईला परक्या माणसासमोर ऐकून घ्यावं लागलं होतं, आणि तेही माझ्या एका न विचारलेल्या प्रश्नापायी.

संध्याकाळी नळावर वहिनी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "विचारायचं ना गं," एवढंच म्हणाल्या.

मी "हो" म्हणाले, आणि त्या जाईपर्यंत स्वच्छ झालेले हात धूत राहिले.