पिंपावरची हलगी
निळं प्लास्टिकचं पिंप दिसलं, की मला विद्यापीठाच्या स्टेडियममधली कबड्डी स्पर्धा आठवते. जेवणाची व्यवस्था माझ्याकडे होती. पहिल्याच दिवशी उष्ट्यानं पिंप असं भरलं, की दोघांनाही उचलेना. वाढपी आग्रहानं ताटं भरत होते, पोरं टाकत होती. मी सांगितलं, आधी अर्धीच भाकरी वाढा, मग मागतील तितकी द्या. आचारीमामा भडकले, "पाव्हण्याला अर्धी भाकरी? पोरं उपाशी ऱ्हायली तर मी निघालो पारनेरला, मॅडम!" दुसऱ्या दिवशी पोरांनी मागून मागून खाल्लं आणि ताटं चाटूनपुसून ठेवली. मामांनी पिंपात वाकून पाहिलं, एका हातानं ते उचलून पालथं घातलं आणि त्यावर चक्क हलगी वाजवली. आजही कुणी न विचारता वाढायला आलं, की माझी बोटं ताटावर तोच ठेका धरतात.