ट्रेमधल्या अक्षता

बहिणीच्या छातीचा स्कॅन एका सीडीवर होता आणि माझा कॉम्प्युटर ती सीडी गिळून बसला होता. वाचेना, ओकेना.

दाजी म्हणत होते, ती बाथरूममध्ये पाय घसरून पडली. रिपोर्टचा कागद त्यांनी दवाखान्यातच खिशात घातला. सीडी तेवढी तिनं ओढणीत लपवून माहेरी आणली. दुपारी दाजी फुलंब्रीहून तिला न्यायला येणार होते आणि आईचं मत ठरलेलं होतं, "भांड्याला भांडं लागतंच. पोरीला नांदावं लागतं." आईला तिच्या छातीची हाडं दाखवायची, एवढाच उपाय माझ्याकडं होता. नव्या लॅपटॉपांना सीडीची जागाच नसते. आमच्या ओळखीत ड्राइव्ह उरला होता तो लिनक्सवर चालणाऱ्या माझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यात.

कमांड दिली. उत्तर आलं, आत डिस्कच नाही. बाहेर काढायची कमांड दिली, तर ट्रे आतल्या आत घरघरला आणि थांबला. लॉगमध्ये एररच्या ओळींवर ओळी. माझं डोकं फिरलं. डब्याला एक ठोसा घातला, मग दुसरा. पत्र्याला पोचा पडला. तिसऱ्यांदा हात उगारला आणि मागं काहीतरी हललं. बहीण भिंतीला चिकटली होती, दोन्ही कोपरं डोक्यावर घेऊन.

"तुला नाय गं," मी म्हणालो.

"म्हाईतंय." पण कोपरं खाली आली नाहीत.

त्या क्षणी दाजी समोर असते तर मी त्यांचा गळा आवळला असता. ते नव्हते म्हणून हातोडा आणला, ड्राइव्हच फोडायला. जिथं डोकं चालवायचं तिथं आधी हात चालवायचा, ही आमच्याकडच्या पुरुषांची जुनी खोड.

"सीडी तुटली तर आईला काय दाखवशील?" असं म्हणून बहिणीनं ओढणीची सेफ्टी पिन काढून दिली. अडकलेला ट्रे हातानं उघडायला ड्राइव्हच्या तोंडावर बारीक भोक असतं, हे मला माहीत असून रागात सुचलं नव्हतं. मी हातोडा टेबलावर ठेवला, कॉम्प्युटर बंद केला आणि पिन खुपसली. ट्रे पुढं आला. त्यात सीडीबरोबर हळदकुंकू आणि अक्षता.

खंडेनवमीला आई हातोडा, पान्हे, विळी आणि कॉम्प्युटर एकत्र पुजते. कमांड दिली की ट्रे आपोआप पुढं येतो, याचं तिला भारी कौतुक. यंदा देवानं हात पसरल्यासारखी तिनं त्यातच पूजा वाहिली होती, आणि मीही हौसेनं ट्रे आत घेतला होता. आज घाईत सीडी ठेवताना खाली काय आहे ते मी बघितलंच नव्हतं.

तांदूळ चिमट्यानं वेचले, कापसानं ड्राइव्हचं भिंग पुसलं, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. यावेळी सीडी फिरली. मी आईला हाक मारली.

फासळ्यांमधली ताजी चीर आईलाही दिसली. खाली दोन ठिकाणी हाडाला गाठी होत्या, जुनं मोडून जुळल्यासारख्या.

"अन् ह्या कशाच्या?" आईनं विचारलं.

बहिणीनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "ही संक्रांतीची. वाण घेऊन यायला उशीर झाला म्हणून." बोट खाली सरकलं. "ही पंचमीची. मी जात नाय म्हणत होते अन् तू धाडलंस, त्या रातीची."

बाहेर मोटारसायकल थांबली. आईनं टेबलावरचा हातोडा उचलला आणि दाराकडं गेली. दाजी उंबऱ्याबाहेर वाकले होते.

"झाली का तयार ती, मामी?"

"चपला काढू नका," आई म्हणाली.