तुळसाआजीचा गुडघा

केळशीत तुळसा सुईणीचा दरारा असा, की पन्नाशीचे बाप्येसुद्धा ती दिसली की विडी विझवत. निम्मं गाव तिच्या हातून जन्मलेलं. ज्यांना उलटं धरून पहिल्यांदा रडवलं, ते पुढे कितीही मोठे झाले तरी तिला त्यांचं काय कौतुक असणार?

१९८४च्या थंडीत दापोलीहून दामले नावाचे साहेब एसटीने आले. वादळात समुद्राचं पाणी गावात कुठवर येऊ शकतं, याचा नकाशा त्यांना गावकऱ्यांना विचारून करायचा होता. बावीस वर्षांपूर्वी असं पाणी एकदा शिरलं होतं. ते आठवून सांगा, म्हणाले.

पण साहेबांच्या आधीच गावात बातमी पोचली होती, की ज्याच्या घरात पाणी आलं त्याला सरकार नवी कौलं देणार. त्यामुळे शाळेत सभा भरली तेव्हा पाणी न आलेलं घर गावात उरलं नव्हतं. टेकाडावरच्या काशीरामच्या तर म्हणे माळ्यापर्यंत पोचलं होतं.

"मग आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती पोहत असंल त्या दिवशी," मागून तुळसा म्हणाली.

बाबल्या उठला. "साहेब, मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्या गळ्यापर्यंत पाणी होतं."

"त्या दिवशी दुपारी तू जन्मलास," तुळसा म्हणाली. "माळ्यावर बाळंत झाली तुझी आय. तुला पाणी लागलं ते मी आंघोळ घातली तेवढंच."

सभा हसून हसून मोडली. साहेबांनी वही मिटली आणि तुळसालाच सोबत घेऊन गाव फिरायला निघाले. त्या दिवशी गावाच्या दोन टोकांना दोघी अडल्या होत्या, म्हणून सगळं गाव ती पाण्यातून तुडवत गेली होती. घराघरापाशी थांबून ती सांगू लागली, "हितं गुडघा. हितं कंबर. हितं लुगड्याचा काष्टा सोडून दिला, उपयोग नव्हता."

नकाशात गुडघा कसा लिहायचा, हा साहेबांना प्रश्न पडला. त्यांनी संकोचत टेप तिच्या सुनेच्या, सगुणाच्या हातात दिली. जमिनीपासून गुडघा पंधरा इंच, कंबर तेहेतीस, काख एकेचाळीस.

"तवा मी बोटभर जास्त उंच होते," तुळसा म्हणाली. साहेबांनी गंभीरपणे प्रत्येक आकड्यात एक इंच वाढवला.

शाळेच्या फाटकाशी ती थांबली. "हितं काख."

साहेबांचा चेहरा उतरला. वादळात लोकांना हलवायची जागा म्हणून त्यांनी शाळेवरच खूण केली होती. हेडमास्तर चिंतामणी गुरुजी दुखावले. "इमारत पक्की आहे, तुळसाबाई."

"पक्की हाय, पण पाणी आल्यावर ती काय उठून वर जाणार हाय?"

साहेबांनी शाळेवरची खूण खोडली आणि टेकाडावरच्या देवळावर केली. कौलं कुणालाच मिळाली नाहीत. त्याचा राग गावाने वर्षभर तुळसावर काढला. तिला फरक पडला नाही, बाळंतपणं काही थांबली नव्हती.

दोन वर्षांनी जूनमध्ये वादळाची वर्दी आली, तेव्हा कुरकुरत का होईना, सगळे देवळात चढले. गुरुजी हजेरीपटांचं गाठोडं छातीशी धरून सर्वांत आधी. दुपारी वरून पाहिलं तर शाळेचे बाक खिडकीतून बाहेर तरंगत येत होते. तुळसाने लेकुरवाळ्या बायकांना गाभाऱ्याजवळ बसवलं आणि बाप्यांना पागोळ्यांखाली उभं केलं.

"मी हेडमास्तर आहे," गुरुजी हळूच म्हणाले.

"म्हणून तर कडेला ठेवलं," तुळसा म्हणाली. "पोरांवर लक्ष ठेवा."