व्हिएन्नाहून आलेलं पार्सल

सिंफनी या विषयावर मी पुण्यात उभं आयुष्य बोललो. शाळांच्या सभागृहांत, ज्येष्ठ नागरिक संघांत, कुणाच्या तरी दिवाणखान्यात सतरंजीवर बसलेल्या लोकांसमोर. सिंफनीचा प्रभाव, शास्त्रीय संगीतापासून सिनेमाच्या गाण्यापर्यंत. पुण्यात हा विषय मांडायचा म्हणजे आधी बराच वेळ सिंफनीच्या वतीने माफी मागावी लागे. "शंभर माणसं समोर कागद ठेवून वाजवतात, यात गाणं कुठे आलं?" असं एका गृहस्थांनी मला भर सभेत उभं राहून विचारलं होतं आणि टाळ्या त्यांना पडल्या होत्या.

मग मी त्यांना बढत सांगायचो. ख्यालात गवई दोन-तीन स्वरांचा तुकडा घेतो, फिरवतो, वाढवतो, आणि काही वेळाने तोच तुकडा आपल्याला वेगळा ऐकू येतो. सिंफनीत तेच होतं, फक्त एका गळ्याऐवजी सगळ्या वाद्यवृंदात. व्हायोलिनने सुरुवातीला सहज उच्चारलेले चार स्वर पुढे बासरीकडे जातात, मग खाली चेलोच्या जाड आवाजात बुडतात, आणि शेवटी सगळे मिळून तेच म्हणतात तेव्हा ते आनंदाचे आहेत की रडण्याचे, ते सांगता येत नाही. सिनेमावाल्यांनी हीच युक्ती घेतली. नायिका पहिल्यांदा दिसते तेव्हाची धून ती मरताना संथ वाजते आणि थिएटर डोळे पुसतं.

हे सगळं खरं होतं. खोटं मी एकाच ठिकाणी बोललो.

माझा एक मित्र भावगीतांना चाली लावायचा. दिवसा बँक, संध्याकाळी पेटी. एकदा माझ्याकडे रेकॉर्ड ऐकायला आला. एका सिंफनीचा संथ भाग त्याने पुन्हा पुन्हा लावायला लावला. चहाही गार करून प्यायला. पुढे काही दिवसांनी नव्या गाण्याचे पीस घेऊन आला. दोन कडव्यांच्या मध्ये नुसती वाद्यं वाजतात, त्याला आमच्यात पीस म्हणतात. तोवर भावगीतात पीस म्हणजे गायिकेला श्वास घ्यायची सोय. पहिल्या कडव्यानंतर जे वाजलं तेच दुसऱ्यानंतर. याचे पीस मात्र वाढत जात होते. पहिल्यात व्हायोलिनने काहीतरी विचारल्यासारखं केलं होतं, ते दुसऱ्यात चेलोने मनावर घेतलं होतं, आणि तिसऱ्यानंतर मुखडा परत आला तेव्हा त्याच शब्दांचा अर्थ बदलला होता.

"हे फार जवळ जातंय का रे?" त्याने विचारलं. "जात असेल तर आत्ता सांग. फाडून टाकतो."

मी रेकॉर्ड पुन्हा लावली. त्याला पीस पेटीवर वाजवायला लावले. एकही सुरावट जुळत नव्हती.

"स्वर तुझे आहेत. रीत त्यांची आहे," मी म्हणालो. "याला प्रभाव म्हणतात, वेड्या. कर बिनधास्त."

गाणं गाजलं आणि ते मला सोसलं नाही. मी जे वर्षानुवर्षं खडू घेऊन समजावत होतो, ते त्याने एका संध्याकाळी ऐकलं आणि करून दाखवलं. मला साधी आरतीची चाल सुचली नसती.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी माझं व्याख्यान होतं. सिंफनीचा संथ भाग मी जरा जास्तच वेळ ऐकवला. लोक पेंगू लागले. एका बाईंनी पिशवीतून विणकाम काढलं. घाईघाईने मी मित्राचं गाणं लावलं आणि तोंडातून निघून गेलं, "चाल सदाशिव पेठेतली आहे, पीस मात्र व्हिएन्नाहून पार्सल आले आहेत. उचलायला माणूस तेवढा आपला!"

सभागृह फुटलं. पार्सल उचलणं आणि चाल उचलणं, दोन्हीला आपल्याकडे एकच शब्द. मित्र तिसऱ्या रांगेत बसला होता. तोही हसला.

बाहेर तो स्कूटर काढत होता. "छान झालं व्याख्यान," म्हणाला. "एक काम कर फक्त. मी काय उचललंय ते एकदा दाखव. जागेवर ठेवून येतो."

"अरे, गंमत केली. लोक पेंगत होते."

"हो, जागे झाले खरे."

त्याच वेळी आत जाऊन माईक घेता आला असता. नाही घेतला. पुढच्या व्याख्यानाआधी आयोजकांचा फोन आला, "सर, ते पार्सलवालं घ्या हं." मी घेतलं, आणि पुढे घेतच राहिलो. हळूहळू ते वाक्य माझ्याशिवायही गावात फिरू लागलं. गाण्याच्या क्लासमधली मुलं त्याला तोंडावर विचारू लागली, "सर, ओरिजिनल कुठलं?" एका गायिकेने त्याच्या नव्या चाली नम्रपणे परत केल्या. त्यानंतर त्याने व्हायोलिन, चेलो यांना हात लावला नाही. पेटी, तबला, तानपुरा, एवढ्यावर गाणी केली. घाबरलेल्या माणसाची गाणी, कुठे काही जुळू नये म्हणून जपून चालणारी. मग तीही थांबली. मी दरवर्षी दिवाळीत फराळाला जात होतो. आम्ही चकलीबद्दल बोलायचो.

गेल्या वर्षी तो गेला. यंदा काही तरुण मंडळींनी त्याच्या गाण्यांचा कार्यक्रम ठरवला आणि बोलायला मला बोलावलं. निवेदन करणारा मुलगा म्हणाला, "काका, ते पार्सलचं लाइव्ह घेऊ या ना. आयकॉनिक आहे ते."

आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला. मित्राच्या बायकोला मी वहिनी म्हणतो, त्या मला भावोजी.

"तुम्ही बोलणार आहात म्हणे."

"हो."

"मग एवढंच बोला, की ह्यांनी काही उचललं नव्हतं. माझ्यादेखत बोला. बाकी गुणवर्णन मला नको."

मी तेवढंच पाठ करून गेलो. माझ्या आधी त्या मुलाने गाण्याची ओळख करून देताना पार्सलचं वाक्य म्हटलंच आणि माझ्याकडे हात केला. मी माईकसमोर उभा राहिलो. "ते वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे," मी म्हणालो. "त्याने काहीही उचललं नव्हतं. मला हे तेव्हाही माहीत होतं."

हशा पिकला. मोठा, प्रेमळ हशा. मागून कुणीतरी ओरडलं, "डिलिव्हरी कॅन्सल!" त्यावर टाळ्या. मी म्हणालो, "हसू नका, मी खरं बोलतोय," तर आणखी हसले. आयुष्यभर मी गंभीर चेहरा ठेवूनच विनोद केले होते. त्यांना फरक कसा कळावा? मुलाने अदबीने माईक काढून घेतला. "या वयातही सरांचं टायमिंग बघा," म्हणाला, आणि गाणं सुरू झालं. तिसरा पीस आला तेव्हाही कुठेतरी खसखस चालूच होती.

कार्यक्रम संपल्यावर वहिनी वारज्याला जायला रिक्षाची वाट बघत फाटकाशी उभ्या होत्या. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"मी बोललो, वहिनी."

"ऐकलं. पुढेच बसले होते."

"लोकांना वाटलं, मी..."

"लोकांना ती सवय तुम्हीच लावलीत, भावोजी." रिक्षा आली. आत बसून त्यांनी पदर सावरला. "आता लिहा. लिहिलेल्यात तुमचा आवाज नसतो."

म्हणून लिहितो. त्या गाण्यात कुठल्याही सिंफनीतली एकही सुरावट उचललेली नाही. गाणं बाहेर येण्याआधी मी स्वतः ते तपासलं होतं. माहीत असून मी वर्षानुवर्षं उलट सांगितलं, कारण लोक हसत होते आणि तो माझ्यापेक्षा मोठा होता. वहिनींनी एवढंच मागितलं होतं. एवढं त्यांना पुरतं का, हे विचारायची माझी हिंमत नाही.