मागची घंटी

बापू गेले त्या सकाळी मी त्यांच्या मागे असायला हवा होतो. गेले सात आठवडे हे वाक्य मी मनातल्या मनात म्हणतो आहे. आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

सहाला त्यांचा फोन आला होता. "उठलास काय, डाक्टर?" माझं औषधांचं दुकान आहे, तेवढ्या भांडवलावर त्यांनी मला ही पदवी देऊन टाकली होती. बाहेर पौषातलं धुकं, अंगावर दोन पांघरुणं. "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच मागनं," मी म्हणालो. आपल्याकडे 'आलोच' म्हणजे माणूस अजून अंथरुणात आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. बापू मात्र दुसऱ्याचा शब्द असा खरवडून बघणारे नव्हते. ते निघाले आणि मी कूस बदलली. आठ वाजता पुन्हा त्यांच्याच नंबरावरून फोन आला तेव्हा मी डोळे मिटूनच "निघालो, निघालो" म्हणालो. पलीकडे अनोळखी माणूस होता. "डाक्टर, गाडी घिऊन लगोलग या. कालव्याच्या तिसऱ्या पुलावर एक म्हातारा बसल्या जागी गप झालाय." बापूंच्या फोनात माझं नाव 'डाक्टर' असं होतं, आणि त्या बिचाऱ्याने ते नाव बघून वैद्याला बोलावलं होतं. मी दुकानातली रक्तदाबाची पट्टी उचलून मोटारसायकलवरून पुलाच्या रस्त्याने गेलो. तिचा काही उपयोग नव्हता.

बापूंनी उभी नोकरी कालव्यावर काढली. दारं उघडायची, पाणी मोजायचं, कुठं भराव खचला तर कळवायचं. निवृत्तीनंतर माणूस कामाच्या जागेला पाठ दाखवतो. हे रोज सकाळी सायकल काढून त्याच कालव्यावर जायचे, आता नुसतं फिरायला. आमची घरं एकाच वसाहतीत, कागलच्या अलीकडे. दिवसभर लोकांना साखरेच्या गोळ्या विकणाऱ्या माझ्याच रक्तात साखर निघाली तेव्हा मीही सायकल घेतली आणि हायवेच्या कडेने चालवायचा बेत सांगितला. बापू म्हणाले, "म्हशींच्या कळपात उंदरानं फिराय जाऊ न्हाय. माझ्यासंगं चल."

त्या भरावावर गाडी येत नाही. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खाली ऊस, आणि मधे दोन माणसांनी शेजारी चालावं एवढीच वाट. लांबवर एमआयडीसीकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या दिसायच्या, पण आवाज पोचायचा नाही. पहिले काही दिवस मला त्या शांततेची भीतीच वाटली. हॉर्नची सवय झालेल्या कानांना आपल्याच टायरचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. थंडीत पाण्यावरून वाफ उठायची, पलीकडचा काठ नाहीसा व्हायचा, आणि पुढे चाललेले बापू कमरेपासून वरच दिसायचे. पुढे हळूहळू मला त्याचीच चटक लागली. दहा किलोमीटर जाऊन यायचं, तिसऱ्या पुलावर बसून थर्मासमधला चहा प्यायचा, बापूंच्या शिव्या ऐकायच्या. गेल्या तीन वर्षांत मी यापेक्षा सुखाचं दुसरं काही केलं असेल असं मला वाटत नाही.

या वाटेचा एक नियम होता. मागे बघायचं नाही. "मागं बघितलं की हँडल वळतंय, आन हँडल वळलं की तू पाण्यात," बापू म्हणायचे. मग मागचा आहे की नाही हे कळणार कसं? तर प्रत्येक पुलापाशी पुढच्याने दोनदा घंटी वाजवायची आणि मागच्याने एकदा. दोन म्हणजे 'हाईस काय?' आणि एक म्हणजे 'हाय.' नोकरीतली ही पद्धत. तेव्हा फेरीला दोघे दोघे जायचे.

मला वाटलं, म्हाताऱ्याची हौस. एकदा सलग दोन पुलांवर मी मुद्दाम उत्तर दिलं नाही, चेष्टा म्हणून. बापू थांबले, सायकल स्टँडला लावली, आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "शिवा म्हणून माझा जोडीदार हुता. त्यो पुढं, मी मागं. त्येनं दोनदा वाजवली. मी बिडी पेटवत हुतो... वाजवली न्हाय. त्येनं मागं बघितलं." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तेव्हापासून बापू कायम पुढे राहायचे. मागे राहणं मला जमत न्हाय, म्हणायचे. त्या दिवसानंतर मी एकही उत्तर चुकवलं नाही.

चुकवलं नाही, म्हणजे एकदा सोडून. गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. पहिल्या पुलाअलीकडेच माझी साखळी पडली. हाक मारली, पण बापू धुक्यात शिरले होते. बोटं काळी करून साखळी बसवेपर्यंत चांगली वीस मिनिटं गेली. तिसऱ्या पुलावर पोचलो तर ते निवांत चहा पीत बसलेले. मी म्हणालो, "बापू, माणूस मागं नाही हे तरी कळायला नको?"

"कुठं गेलतास?"

"साखळी पडली होती. पहिल्या पुलाच्याही अलीकडे."

त्यांनी कप खाली ठेवला. "चेष्टा करू नगस. दोन्ही पुलांवर वाजवलीस की तू."

मी काळी बोटं दाखवली. त्यांनी बोटांकडे बघितलं. मग उरलेला चहा पाण्यात ओतला आणि म्हणाले, "असंल. कुणीतरी वाजवली म्हंजे झालं." त्यानंतर मला त्या वाटेवर मानेपाशी गार वाटायला लागलं. सगळ्यांत मागे तर मीच होतो. तरीही पूल आला की घंटी वाजवायची घाई करायचो, माझ्याआधी दुसऱ्या कुणी वाजवू नये म्हणून. हसायला येईल, पण खरं आहे.

त्या सकाळी मी पोचलो तेव्हा बापू पुलाच्या कठड्याला टेकून बसले होते. सायकल शेजारी स्टँडवर, हाताला लागेल अशी. चेहरा पुढच्या वाटेकडे. भरावाच्या उतारावर म्हशीसाठी गवत कापणारी आक्का रोज आम्हाला भेटायची. मला फोन करणाऱ्या त्या वाटेवरच्या माणसाला तिनेच हाक घातली होती. ती विळा हातात धरूनच म्हणाली, "पावणं, तुमी मागनंच हुता की. मग परत का फिरलासा? म्हातारा दोन वाजवायचा, आन तुमची एक वाजायची. खाली गवतात मला सगळं ऐकू येत हुतं." जमलेल्यांनी माझ्याकडे बघितलं. गाडी मागवण्यासाठी मी फोन लावतो आहे असं दाखवलं, आणि त्या गडबडीत सगळे धरून चालले की डॉक्टर बापूंच्या बरोबर होता.

बाराव्याला बापूंच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला बाजूला घेतलं. "तू हुतास न्हवं मागं?"

मी म्हणालो, "होतो."

"मग बरं," एवढं म्हणून त्या आत गेल्या. इतक्या हलक्या मनाने गेल्या की ते खोटं मला परत घेता आलं नाही. नंतर मी त्यांच्या दारावरून जाणंही टाळू लागलो. पडवीत बापूंची सायकल उभी असायची.

गेल्या आठवड्यात धीर करून एकटाच कालव्यावर गेलो. तिसऱ्या पुलावर थांबलो आणि काय वाटलं कुणास ठाऊक, दोनदा घंटी वाजवली. काही झालं नाही. पाणी वाहत होतं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि मग फार वाईट वाटलं. मी पुन्हा घंटीवर अंगठा ठेवला आणि एकदा वाजवली, बापूंना द्यायचं राहिलेलं उत्तर म्हणून. खालच्या गवतातून आक्काचा आवाज आला, "आज बी दोघं हायसा जणू?"

मी तिथेच कठड्यावर बसलो. आक्काला खालून माणूस दिसत नाही, फक्त घंट्या ऐकू येतात. म्हणजे बापूंनी त्या दिवशी हेच केलं होतं. मी येत नाही हे त्यांना कळलं होतं, आणि माझ्या वाटची घंटीही त्यांनीच वाजवली होती... मला रडू आलं. पण डोक्यावरचं एक ओझं उतरलं. निदान त्या पुलावर दुसरं कुणी नव्हतं.

तसाच काकूंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. अंथरूण, पांघरूण, 'आलोच', बाराव्याचं खोटं. त्या शेंगा सोलत होत्या. हात थांबले नाहीत.

"पुलावरनं त्येंचा फोन आलता," त्या म्हणाल्या. "जरा दम लागलाय, बसलोय म्हणाले. मी म्हटलं, एकटंच हायसा काय? तर म्हणाले, डाक्टर मागं हाय, काळजी करू नगस."

"काकू, मी नव्हतो. त्यांनीच वाजवली असणार, स्वतःचीही आणि माझ्या वाटचीही."

"त्येंची घंटी मी वळखती की. फोनात कानाजवळच वाजली, दोनदा." काकूंनी पडवीकडे बघितलं. "मग एकदा लांबनं वाजली, मागनं. मी ऐकली, म्हणून तर फोन ठेवला."

त्यांनी शेंगांची टरफलं सुपात गोळा केली. "तू नव्हतास, ते वंगाळच केलंस," त्या म्हणाल्या. "पर ते एकटं नव्हतं. आता ही सायकल तू ने. हितं उभी राहून गंजतीया."

आता मी बापूंच्या सायकलवर जातो. घंटी तीच, अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालेली. ती सायकल घेतली की पुढे मीच असतो, त्याला इलाज नाही. पूल आला की दोनदा वाजवतो आणि पायडल मारत राहतो. अजून तरी मी मागे बघितलेलं नाही.