मामांचं रक्तदान शिबिर, मुक्काम पॅरिस

कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली आणि मी पुण्याची खोली सोडून सोलापूरला परत आले. सामान फारसं नव्हतं. पण ऑफिसातल्या मंडळींनी मला एका खेळाचा नाद लावला होता, तो मात्र बरोबर आला. या खेळात पट नसतो, सोंगट्या नसतात. एकजण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगू लागतो. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि आपलं पात्र आता काय करतं ते सांगतात. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. आमची पात्रं व्हॅम्पायर असायची. शेकडो वर्षं जगणारी, माणसाचं रक्त पिणारी, उन्हात गेली की जळून राख होणारी.

सोलापुरात मला स्वतःला सूत्रधार व्हायचं होतं. गोष्ट तयार होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या तोंडावरचं पॅरिस. व्हॅम्पायर बहुतेक उमराव, मोठमोठ्या हवेल्यांत राहणारे. खाली गल्लीबोळांत लोकांना पाव मिळेनासा झालेला. लवकरच क्रांती पेटणार, गिलोटिन उभं राहणार, आणि मुंडकं उडालं तर व्हॅम्पायरसुद्धा मरतो. तेव्हा खेळणाऱ्यांनी कसाबसा जीव वाचवून देशाबाहेर पळायचं, असा माझा बेत होता.

खेळायला दोघं मिळाली, दोघंही शाळेपासूनची. एक मैत्रीण, ती दातांची डॉक्टर. व्हॅम्पायर म्हटल्यावर तिने सगळ्यात आधी सुळ्यांची लांबी विचारली आणि अशा जबड्यात तोंड नीट मिटणारच नाही असं मत दिलं. तरी ती सरदारीण व्हायला तयार झाली. दुसरा मित्र. त्याच्या घरच्या बसगाड्या सोलापूर-पुणे रस्त्यावर धावतात. घरात दख्खनी उर्दू बोलतो, आमच्याशी मराठी, आणि रागावला की दोन्ही. त्याने उमरावांना घोडागाड्या पुरवणारा व्हॅम्पायर घेतला.

जागा मामांची. कारण एप्रिल चालू होता आणि आमच्या तिघांच्या ओळखीत सगळ्यात मोठा कूलर मामांच्या पुढच्या खोलीत होता. मैत्रिणीचा दवाखाना बंद असायचा म्हणून रविवारची दुपार ठरली. उन्हाला घाबरणाऱ्या व्हॅम्पायरनी सोलापूरच्या उन्हात भर तीन वाजता जमायचं, याला इलाज नव्हता. मैत्रीण डोक्यापासून कोपरापर्यंत ओढणी गुंडाळून स्कूटरवरून यायची आणि दारातच म्हणायची की राख व्हायचं तेवढं बाकी आहे.

खेळाचे दहा बाजूंचे फासे मिळतात का म्हणून मी नवी पेठेत फिरले. एका दुकानदाराने लुडोचा फासा दाखवला. दहा बाजू हव्यात म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि तांबोल्याचा डबा पुढे केला. त्यातल्या एक ते दहाच्या सोंगट्या काढून घेतल्या आणि मामीचा स्टीलचा तांब्या मागितला. तांब्यात हात घालून सोंगटी काढायची. मोठा आकडा आला की काम फत्ते, लहान आला की फजिती.

मामा कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत बसायचे. मामांचं निम्मं आयुष्य कापडाच्या गिरणीत गेलं. मिल बंद पडल्यावर त्यांनी मिळेल ते काम केलं आणि आता घरी असतात. घर लिंगायतांचं, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. त्यामुळे रक्त पिण्याच्या गोष्टी जरा हळू आवाजात कराव्यात असं मी दोघांना सांगून ठेवलं होतं. पहिल्या रविवारी मी व्हॅम्पायरचे नियम समजावत होते. दिवसा झोपायचं, रात्री जागायचं, ऊन सहन होत नाही, चेहरा पांढराफटक पडतो, घरच्या माणसांशी कधी गाठ पडत नाही. पेपर खाली आला.

"हे तर तिसऱ्या पाळीचं वर्णन झालं की," मामा म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनी खुर्ची पुढे ओढली होती. पेपर हातात होता, पण उलटा. मी पावाच्या दुकानापुढची गर्दी रंगवून सांगत होते. बायका पहाटेपासून उभ्या, थंडी, आत पाव नाही. मामांनी विचारलं की ह्या बायकांचा पुढारी कोण. मी म्हटलं, कुणी नाही. तसं कसं चालेल, असं म्हणून ते खुर्चीवरून उठले आणि आमच्यात सतरंजीवर येऊन बसले. त्यांनाही एक पात्र हवं होतं.

मी त्यांना एक म्हातारा उमराव दिला. धान्याची कोठारं बाळगणारा, कित्येक वर्षं हवेलीतून न निघालेला. फक्त एक अडचण आली. मामा रक्त प्यायला तयार होईनात. मी सांगितलं की हा खेळ आहे, आणि रक्त नाही मिळालं तर व्हॅम्पायरला वेड लागतं, समोर येईल त्याला तो चावतो. मामांनी विचारलं की समोरच्याने राजीखुशीने दिलं तर चालतं का. नियमात तसं कुठे नाही म्हटलेलं नव्हतं. मी हो म्हणाले, आणि तिथेच फसले.

मामांच्या उमरावाने पॅरिसमध्ये रक्तदान शिबिर भरवलं.

शिबिर मामांच्या ओळखीचंच होतं. दर वर्षी कुणाच्या तरी वाढदिवसाला त्यांच्या कॉलनीच्या मैदानात भरतं, तसंच. रात्रीचा मांडव घातला. फलक लावला. आडवं व्हायला खाटा आणल्या. रक्त दिलेल्या माणसाला चहा, दोन बिस्किटं आणि वर एक मोठा पाव, उमरावाच्या कोठारातल्या गव्हाचा. मैत्रिणीची सरदारीण तपासणीला बसली आणि तिने अशक्त बायकांना नुसताच पाव देऊन परत पाठवायला सुरुवात केली. मित्राच्या घोडागाड्या दूरच्या वस्त्यांमधून माणसं आणू लागल्या. मी अडवायचा प्रयत्न केला. लोकांना संशय येईल म्हणून सोंगटी काढायला लावली. मामांनी तांब्यात हात घातला आणि दहाचा आकडा काढला. पुन्हा काढायला लावली तर नऊ.

मी सूत्रधार, मला खरं तेच सांगावं लागलं. लोक रांगेत उभे राहिले. रक्त दिलं. पाव काखेत मारून घरी गेले. त्या आठवड्यात पॅरिसमध्ये घोषणा झाल्या नाहीत, कुणी राजवाड्यावर चालून गेलं नाही. माझ्याकडे त्यापुढची सगळी गोष्ट लिहून तयार होती आणि तिच्यात क्रांतीच उरली नव्हती. मित्र खूश होता. म्हणाला, चला, तंटा मिटला, आता आपण गाड्या वाढवू.

मामा खूश नव्हते. ते सतरंजीची कड बोटाने उसवत बसले होते.

"पाव घेऊन गप घरी गेले?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"कुणीच काय बोललं न्हाय?"

मी म्हटलं, नाही, पोट भरलं होतं ना. मामा उठून आत गेले. त्या दिवशी खेळ तिथेच थांबला. मला वाटलं उन्हाचा त्रास झाला असेल.

बुधवारी मी त्यांच्याकडे, सोंगट्यांबरोबर चुकून घरी आलेला तांब्या परत द्यायला गेले तेव्हा त्यांनी मला बसवून घेतलं. मिलच्या संपाची गोष्ट त्यांनी आम्हा पोरांना कधी सांगितली नव्हती. संप लांबला तेव्हा मिलने गेटजवळ एक दुकान उघडलं होतं. तिथे ज्वारी मिळायची, तेल मिळायचं. कुणाला जबरदस्ती नव्हती. उपाशी माणूस गेटवर घोषणा द्यायला यायचा, ज्वारी घ्यायचा, आणि ज्वारी देणाऱ्याशी कसं भांडायचं म्हणून मान खाली घालून कामावर जायचा. बघता बघता तिन्ही पाळ्या भरल्या. मामा हे अगदी शांतपणे सांगत होते. शेवटी म्हणाले, "परवा मी त्येच दुकान उघडलं की गं."

मी म्हटलं, मामा, तो खेळ आहे. ते म्हणाले की ते त्यांनाही ठाऊक आहे, म्हणूनच अजून दुरुस्त करता येईल.

पुढच्या रविवारी उमरावाने शिबिर बंद केलं, कुणावर उपकार नकोत म्हणून कोठारं उघडी टाकली आणि तो रोज रात्री पावाच्या दुकानासमोर उपोषणाला बसला. व्हॅम्पायरचं उपोषण. मागणी अशी, की बायकांनी दुपारी नव्हे तर रात्री मोर्चा काढावा, म्हणजे त्याला येता येईल. मी नियमावर बोट ठेवलं. रक्त सोडलं की दर रात्री सोंगटी काढायची, लहान आकडा आला की वेड. मामांनी पहिल्या रात्री सात काढला, दुसऱ्या रात्री सहा. मामी भजी घेऊन आल्या तर त्यांनी हाताने नको म्हणून सांगितलं, उपोषण आहे. मामी म्हणाल्या, उपोषण तुमच्या त्या वेताळाचं, तुमचं नव्हे. मामांनी भजी घेतली.

तिसऱ्या रात्री दोन आला. सर्वांत जवळ सरदारीण उभी होती. उमराव तिच्या मानेला चावला. मैत्रिणीने शांतपणे सांगितलं की या कोनातून चावलं तर सुळा मुळापासून हलतो आणि मामांनी उद्या दवाखान्यात दाखवून जावं. पण तेवढ्या घोटाने उमराव शुद्धीवर आला, बायका दिवट्या घेऊन जमल्या, आणि मोर्चा निघाला. मामांनी घोषणा दिल्या. खऱ्या, मोठ्याने. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या.

क्रांती झाली. आणि मग क्रांतीत होतं ते झालं. जमावाने हवेल्या फोडल्या, त्यात उमरावाचीही फोडली, आणि त्याला धरून नेलं. न्यायाधीश अर्थात मीच.

"धान्य कुणी दडवलं?" मी विचारलं.

"मी वाटलं."

"वाटायला कुठून आणलं?"

"कोठारातून."

"कोठार कुणाचं?"

मामांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "माझंच."

शिक्षा गिलोटिनची. इथे मित्र पुढे सरसावला. पळून जायची योजना त्याने आठवडाभर बसून आखली होती. तुरुंगाच्या मागच्या दाराशी बंद गाडी, काचांना काळे पडदे, ठिकठिकाणी घोडे बदलायची सोय. फ्रान्समधल्या गावांची नावं त्याच्या लक्षात राहत नसल्याने त्याने सोलापूरच्या आसपासची घेतली होती, त्यामुळे आमच्या पॅरिसहून निघाल्यावर पहिलं गाव मोहोळ लागायचं आणि दक्षिणेच्या वाटेवर मंद्रूप. मोहोळला दिवसभर तळघरात मुक्काम, चहा, अंधार पडला की पुढे. त्याने मामांच्या हाताला धरलं आणि म्हणाला, उठा मामा, गाडी उभी आहे. मामा उठेनात.

"नक्को करू नका ना," तो म्हणाला. "लई मेहनत केलीय मी."

मामा त्याची समजूत घालत राहिले की गाडी झकास आहे, सरदारणीला घेऊन जा. आम्ही तिघंही मागे लागलो. मी तर सूत्रधार असून सांगितलं की पहारेकरी झोपलेत, सोंगटीसुद्धा काढायला नको. तेव्हा मामा बोलले.

"संपात आमचा पुढारी मागच्या दारानंच गेला होता. आमी गेटवर त्याची वाट बघत होतो. लई वेळ."

मित्राने त्यांचा हात सोडला. मी गिलोटिनचं वर्णन फार केलं नाही, एका वाक्यात संपवलं. मैत्रिणीने डोळे पुसले आणि ओढणीतून धूळ गेली म्हणाली.

स्वयंपाकघरातून मामींनी विचारलं, "झालं का? मेले?"

"मेलो," मामा म्हणाले.

"मग आता गिरणीत दळण टाकून या."

ते दळण टाकायला गेले. जाताना शिट्टी वाजवत होते. त्यांना मी कितीतरी वर्षांनी शिट्टी वाजवताना ऐकलं.

माझ्या मते गोष्ट संपली होती. सरदारीण आणि गाडीवाला मोहोळमार्गे सुखरूप निसटले होते. पुढच्या रविवारी निरोपाचा खेळ करू म्हणून मी गेले, तर दारात चपलांचे अनोळखी जोड दिसले. आत सतरंजीवर मामांच्या मिलमधले तीन जुने सोबती बसले होते. एकाच्या कानात यंत्र होतं, एक घरून उशी घेऊन आला होता, आणि तिसरे तेलुगू बोलणारे पद्मशाली आजोबा, ज्यांनी आयुष्यभर मागावर चादरी विणल्या, मिलमध्येही आणि नंतर घरीही. मामांनी त्यांना सगळे नियम आधीच सांगून ठेवले होते, निम्मे चुकीचे.

मी एकेकाला पात्र विचारत गेले. एकाला पाववाला व्हायचं होतं. उशीवाल्याला पहारेकरी, कारण तो झोपलेला असतो असं त्याला कळलं होतं. पद्मशाली आजोबांनी हळूच विचारलं की राजा होता येतं का.

मामा म्हणाले, अरे, राजाचं काय होतं ते सांगितलं की तुला. मित्राने गळ्यावरून आडवा हात फिरवून दाखवला. आजोबांनी दोघांकडे पाहिलं, मांडी मोडून खुर्चीवर जाऊन बसले आणि तांब्या आपल्याकडे ओढला.

"व्हईना का," ते म्हणाले. "तवर बसतो की."