भाऊंची शिवी

कारखान्यात कुणी चांगली कल्पना घेऊन आलं, की भाऊ आधी शिवी द्यायचे. "बेण्या, इतकी वर्सं कुटं व्हतास?" मग चहा पाजायचे, मग लांब वहीत त्याचं नाव लिहायचे. नुसतं "बघू" म्हणाले, तर समजायचं, कल्पनेत दम नाही.

भाऊ आता निवृत्त होऊन इंदुरी गावी असतात. मूळचे फिटर. नवलाख उंबरे गावच्या आमच्या कारखान्यात सुधारणा विभाग त्यांच्याकडे होता, म्हणजे एक टेबल, ती वही आणि शिकाऊ मी. मला ते "म्याडम" म्हणत. दोन वर्षांत मला एकही शिवी मिळाली नव्हती.

त्यांचा नियम एकच: ज्याची कल्पना, त्यानं ती पूर्ण पाळी स्वतः वापरायची. पॅकिंगच्या सुनीतामावशींनी टेबलाच्या दोन पायांखाली विटा ठेवल्या. खोकी आपोआप घसरत हाताशी येऊ लागली, आणि दुपारी थेट पायावर. "आता काय करायचं ते बी तुमीच सांगा," भाऊ म्हणाले. संध्याकाळी टेबलाच्या कडेला पट्टी लागली.

मग वरून हुकूम आला. सुधारणा विभाग बघणाऱ्याला, म्हणजे 'इनोव्हेशन मॅनेजर'ला, सर्टिफिकेट हवं, सगळीकडे एकच मापदंड. नाही मिळालं तर भाऊ परत मशीनवर. फाइल मी केली. 'स्वतःची कामगिरी' या रकान्यात मावशींचं टेबल गुपचूप भाऊंच्या नावावर टाकलं. त्यांनी सगळं वाचून घेतलं आणि पेनानं खोडलं.

"इटा तिनं लावल्या."

"मग तुमचं काय लिहू?"

"ऱ्हाऊ द्या मोकळं. कागुद काय रडतोय व्हय?"

ऑनलाइन मुलाखतीत परीक्षकांनी विचारलं, "यात आपलं योगदान काय?"

"चहा पाजला."

नापास.

भाऊ मशीनवर गेले, वरच्यांनी परीक्षेला मला बसवलं. तोच प्रश्न आला. मी तेच उत्तर दिलं, फक्त इंग्रजीत: माणसाला बसवून ऐकायचं, नाव त्याचंच लिहायचं, वापरूनही त्यालाच बघू द्यायचं. परीक्षक खूश झाले. 'नेतृत्व' म्हणाले. ही पद्धत कुणाची, असंही विचारलं. गप्प बसण्यात मी पटाईत आहे. तरी भाऊंचं नाव सांगितलं, आणि तुम्हीच त्यांना नापास केलंत, हेही. परीक्षक बराच वेळ पाणी पीत होते.

तरी मी पास झाले. सर्टिफिकेट लपवतच मशीनपाशी गेले आणि कसंबसं सगळं सांगितलं. भाऊंनी हात पुसले, माझ्याकडे बघितलं.

"भवाने, इतकी वर्सं कुटं व्हतीस?"

आणि चहा सांगितला.